शेजारचा पडका वाडा, भावकीचा दावा आणि तुमचं परसदार

प्रश्न : आमचं घर सातारा जिल्ह्यात, नगरपालिकेच्या हद्दीत, जुन्या पेठेत आहे. शेजारचा दुमजली वाडा बारा वर्षं बंद आहे. कौलं गेली, माडी खाली बसली. आमच्या परसाकडची उंच भिंत तेवढी उभी आहे आणि तिला आमच्या बाजूने पोट आलंय. भिंतीत पिंपळ वाढलाय. मालक तिघे चुलतभाऊ. दोघे मुंबईला, एक कॅनडात. त्यांचा वाटपाचा दावा चालू आहे आणि कोर्टाने ‘जैसे थे’चा हुकूम दिलाय. नगरपालिकेत चारदा जाऊन सांगितलं. ते म्हणतात, प्रकरण कोर्टात आहे, आम्हाला हात लावता येत नाही. पुढच्या खोलीत शिंप्याचं दुकान आहे, तो भाडेकरू पाडापाडीला विरोध करतो. माझे भाऊ म्हणतात, जेसीबी आणून आपणच पाडू. माझे यजमान हयात नाहीत. घरात सासूबाई आणि दहावीतली मुलगी. त्या भिंतीखालच्या दगडावर कपडे धुताना माझा एक डोळा सतत वर असतो. मी काय करू?

उत्तर :

ताई, कपडे धुण्याचा तो दगड आजच तिथून हलवा. भिंत जितकी उंच, निदान तितक्या अंतरात परसात कुणी बसणार-उठणार नाही असं बघा. सासूबाईंची खाट त्या बाजूच्या खोलीत असेल तर तीही दुसरीकडे घ्या. कायद्याचं काम उद्यापासून सुरू करू, पण त्याला थोडे दिवस लागतील आणि भिंत तितके दिवस देईलच असं नाही.

जुन्या वाड्यांच्या भिंती मातीत बांधलेल्या असतात. डोक्यावर कौलं आहेत तोवर त्या दोन-तीन पिढ्या सहज उभ्या राहतात. कौलं गेली की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं, आतली माती धुपते आणि भिंत मधूनच फुगते. तुम्ही जे ‘पोट’ म्हणता ते हेच. जून २०१९ च्या अखेरीस पुण्यात कोंढव्याला भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ माणसं गेली, आणि दोन-चार दिवसांतच मालाडलाही भिंत कोसळून कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली. दोन्ही वेळा पाऊस होता आणि माणसं झोपेत होती. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. तुमचा तो वर लागलेला डोळा बरोबर आहे, एवढंच सांगायचंय.

आता मुख्य गाठ. ‘प्रकरण कोर्टात आहे’ हे उत्तर मी आजवर अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते ऐकून माणसं मुकाट घरी परततात, याचं मला फार वाईट वाटतं. ते उत्तर चूक आहे. ‘जैसे थे’चा हुकूम त्या तीन भावांपुरता आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत एकाने दुसऱ्याच्या माघारी वाडा विकू नये, बांधकाम करू नये, कब्जा बदलू नये, एवढ्यासाठी तो दिलेला असतो. नगरपालिका त्या दाव्यात पक्षकार नाही, तुम्हीही नाही. लोकांच्या अंगावर पडू घातलेली भिंत उतरवण्याचं काम नगरपालिकेवर कायद्यानेच सोपवलेलं आहे, आणि भावकीच्या भांडणाने ते थांबत नाही. वाड्यात कुणाचा हिस्सा किती, हे कोर्ट सावकाश ठरवील. भिंत धोकादायक आहे की नाही, एवढंच नगरपालिकेला ठरवायचं आहे.

तुमच्या गावाला लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५, आणि त्यातलं कलम १९५ धोकादायक इमारतींचं. (महानगरपालिकेच्या हद्दीतल्या वाचकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचं कलम २६४, मुंबईसाठी १८८८ च्या कायद्याचं कलम ३५४.) मालकाला किंवा वाड्यात राहणाऱ्याला नोटीस देऊन बांधकाम उतरवायला, दुरुस्त करायला किंवा सुरक्षित करायला सांगता येतं. त्यांनी ऐकलं नाही तर नगरपालिका स्वतः ते करून खर्च मालकांकडून वसूल करू शकते. मालक कॅनडात आहे म्हणून काही अडत नाही, नोटीस वाड्याच्या दारावर पंचांसमक्ष डकवता येते.

तुम्ही चारदा गेलात, पण तोंडी सांगितलंत. दफ्तरात त्याची एक ओळही नाही. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ आले होते, हातात पाच अर्जांची फाईल. पाचही अर्ज सुरेख लिहिलेले, आणि एकावरही आवक शिक्का नव्हता. बाहेर बसलेल्या शिपायाकडे कागद ठेवून ते घरी जात. श्रावणात भिंत पडली, गोठ्यातल्या दोन शेळ्या गेल्या, आणि कार्यालयाने सांगितलं की आमच्याकडे तक्रारच आलेली नाही. त्यांच्या बाजूने मी उभा राहिलो, पण अर्ज दिल्याचा पुरावा मी कुठून आणणार? म्हणून सांगतो, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लिहा, दोन प्रती घ्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मुख्याधिकाऱ्यांना दिलेल्या या अर्जाच्या प्रती वाड्याच्या मालकांपैकी मुंबईच्या दोघा भावांना आणि दाव्यातल्या सगळ्या वकिलांनाही पाठवा. कॅनडातल्या भावाला ईमेल चालेल.

अर्जासोबत पुरावा हवा, आणि तो तुम्ही घरच्या घरी तयार करू शकता. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा. तुमच्या गच्चीवरून किंवा लांब काठीच्या टोकाने, भिंतीच्या माथ्याशी टेकेल असा तो सोडा, स्वतः मात्र खाली उभ्या राहू नका. दोरी पायथ्यापाशी भिंतीपासून किती इंच सुटते ते गवंड्याकडून मोजून घ्या आणि वहीत लिहा. आठ दिवसांनी पुन्हा. तुमच्या घराच्या भिंतीलाही तडा गेला असेल तर त्यावर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवा आणि तिच्यावर आजची तारीख घाला. पट्टी फाटली तर तडा रुंदावतोय. या सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि मूळ फोन सांभाळा. पुढे कोर्टात ते फोटो दाखल करायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देईल. जमल्यास एखाद्या स्थापत्य अभियंत्याला तुमच्या परसातून भिंत दाखवून त्याचं दोन परिच्छेदांचं लेखी मत घ्या. नुसत्या ‘पडायला आलीय’ या शब्दांपेक्षा अभियंत्याच्या सहीला कार्यालयात वजन असतं.

तेवढ्यात आणखी एक बघा. तुमच्या पडवीच्या तुळईचं टोक त्या भिंतीत घुसवलेलं आहे का? जुन्या पेठांमध्ये भिंत दोन्ही घरांची सामाईक असणं नेहमीचं. तसं असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहा. भिंत उतरवण्याआधी तुमच्या तुळईला टेकू द्यावे लागतील, नाहीतर शेजारचा धोका काढताना तुमचं छप्पर खाली यायचं. नगर भूमापन कार्यालयातून दोन्ही मिळकतींची पत्रिका आणि नकाशा काढून ठेवा. मालकांची नावंही त्यावर मिळतील.

पंधरा दिवसांत नगरपालिका हलली नाही तर दोन गोष्टी एकदम करा. माहिती अधिकारात अर्ज द्या : माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, पाहणी कुणी केली, पाहणी अहवालाची प्रत द्या. फी १० रुपये. एरवी उत्तराची मुदत ३० दिवस असते, पण जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. म्हणून हा प्रश्न जिवाचा आहे, हे पहिल्या ओळीतच लिहा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज. प्रांत हे उपविभागीय दंडाधिकारीही असतात, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे कलम १३३) पडायला आलेली इमारत किंवा झाड काढण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा आधार देण्याचा सशर्त आदेश ते काढू शकतात. काम करा, नाहीतर अमुक तारखेला येऊन का करणार नाही ते सांगा, असा तो आदेश असतो. रीतसर दिलेल्या या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. धोका अगदी तोंडावर असेल तर चौकशी पुरी होण्याआधीच, कलम १६१ खाली, तातडीचा हुकूम देता येतो, आणि तो पाळला नाही तर दंडाधिकारी स्वतः योग्य ती तजवीज करू शकतात.

मात्र हा अर्ज लिहिताना एक पथ्य पाळा. हे कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, दोन शेजाऱ्यांच्या खासगी भांडणासाठी नाही. फक्त तुमचं परस लिहिलंत तर ‘दिवाणी कोर्टात जा’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी. त्या भिंतीचा दुसरा कोपरा कुठे येतो ते बघा. वाड्याला लागून बोळ असेल आणि त्यातून मुलं शाळेत जात असतील, तर अर्जाची सुरुवात त्या बोळापासून करा, तुमचं परस त्यानंतर येऊ दे. वाड्यातली विहीर उघडी असेल आणि रस्त्याला लागून असेल तर तिचाही उल्लेख करा. अशा विहिरीला कठडा घालायला लावण्याचा अधिकार याच कलमात आहे. आणि नगरपालिकेने पैसे नाहीत, माणसं नाहीत असं सांगितलं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा रतलाम नगरपरिषदेचा निकाल जोडा. लोकांचा उपद्रव दूर करण्याचं कायद्याने लादलेलं काम पैसे नाहीत म्हणून टाळता येत नाही, असं न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यात बजावलं आहे, आणि तो निकाल याच जुन्या कलम १३३ वरचा आहे.

भावांना माझा निरोप द्या : जेसीबी आणायचा नाही. त्यांची तळमळ मला कळते, बहिणीसाठीच चाललंय. पण दुसऱ्याच्या मिळकतीत शिरून पाडापाडी केली की गृहअतिक्रमण आणि नुकसानीचा गुन्हा त्यांच्यावर येईल. त्या ढिगाऱ्यात सागवानी खांब आणि तुळया आहेत. एक जरी गायब झाली तरी चोरीचा आळ येईल, आणि आजवर एकमेकांशी न बोलणारे तिघे चुलतभाऊ त्यासाठी एकत्र येतील. पिंपळाचंही तसंच. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. भिंतीच्या अर्जातच झाडाची मागणी घाला, वेगळं प्रकरण करू नका. आणि गड्याला सांगून त्याची मुळं खेचू नका. कदाचित त्या मुळांनीच भिंत धरून ठेवली असेल.

आता तो शिंपी. त्याच्यावर रागावू नका. वाडा पडला की आपली भाडेकरी संपली आणि मालक आपल्याला वाटेला लावणार, ही त्याची भीती आहे. त्याला सांगा की सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, स्पष्ट केलंय : इमारत पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही. त्याने फक्त एवढं करावं, पाडण्याआधी आपल्या खोलीची लांबी-रुंदी पंचनाम्यात लिहून घ्यावी, भाडेपावत्या आणि वीजबिल जपून ठेवावं. शिवाय धोका मागच्या भिंतीचा आहे. पुढची खोली शाबूत असेल तर तेवढीच भिंत उतरवा अशी मागणी करता येते. हे कळलं तर उद्या तो तुमच्या बाजूचा साक्षीदार होईल, कारण रोज सकाळी ते दार उघडून मातीचे नवे ढेकूळ बघणारा माणूस तोच आहे.

दिवाणी दावा मी शेवटी ठेवतो. तुम्हाला तिन्ही भावांविरुद्ध भिंत उतरवायला लावणारा हुकूम (कायद्याच्या भाषेत ‘आदेशात्मक मनाई हुकूम’) मागता येईल, कोर्ट कमिशनर नेमून पाहणी मागता येईल, नुकसानभरपाईही. नगरपालिका आणि प्रांत दोन्हीकडे दाद लागली नाही तर जरूर करा. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा.

मुंबईच्या भावांना अर्जाची प्रत पाठवाल तेव्हा सोबतच्या पत्रात एक गोष्ट आवर्जून लिहा. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये पडून माणसं गेली. मनोरा ८० वर्षांचा, आणि त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. दोष आम्हाला दिसला नव्हता, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मानली नाही : रस्त्यालगतची इमारत ज्याची, तपासत राहण्याची जबाबदारी त्याची. यांना तर दोष तुम्ही लेखी दाखवताय. उद्या निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि त्यांना हेही सुचवा की तिघांनी मिळून दाव्यातच अर्ज दिला तर धोकादायक भाग उतरवण्याची परवानगी कोर्ट देऊ शकतं, हिश्शाला धक्का न लागता. भांडणाऱ्या भावांनाही बाहेर पडायला दार लागतं, ते आपण दाखवावं.

सोमवारी नगरपालिकेत एकट्या जाऊ नका. शिंप्याला न्या, बोळातून ज्यांची मुलं जातात अशा दोघी-तिघी आयांना न्या, आणि अर्जाखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. खिडकीवरच्या माणसाने पुन्हा ‘प्रकरण कोर्टात आहे’ म्हटलं तर शांतपणे म्हणा, ‘हेच अर्जावर लिहून सही करून द्या.’ तो बहुधा लिहिणार नाही, शिक्का मारून अर्ज आत पाठवील. आवक क्रमांक मिळाला की मला कळवा, प्रांतांकडच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.