ख्रिस्ती विश्वासाच्या आधारे रागावर मात कशी करावी?

राग येणं हेच पाप, असं मानू नका. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवशी, येशू कुणाला बरं करतो का, यावर टपून बसलेल्यांकडे त्यानेही रागाने पाहिलं (मार्क ३:५). पण त्याच वचनात तो खिन्न झाला असंही आहे, आणि त्या रागातून त्याने काय केलं? तिथल्या एका माणसाचा वाळलेला हात बरा केला.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते बायबलमधलं वचन, इफिसकरांस ४:२६: सूर्य मावळेपर्यंत राग धरू नका. घरात वाद झाला की रात्रीच्या प्रार्थनेआधी मीच जाऊन बोलतो. ज्याचा राग आलाय, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. आधी ती नुसती ओठांवर येते, तरी करा.

हात उगारला जात असेल, तर चर्चच्या पाळकांसोबत समुपदेशकालाही भेटा.