छोट्या औद्योगिक कंपनीला व्हाइट पेपर काढून ग्राहक मिळतात का? काढायचा तर कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भोसरीत १४ माणसांची कंपनी आहे, कारखान्यांतली कॉम्प्रेस्ड एअरची (मशीन चालवायला कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेची) गळती शोधून बंद करणं आणि एअर पाइपलाइन टाकणं हा व्यवसाय. ब्रोशर वाटले, प्रदर्शनात स्टॉल लावला, तरी एन्क्वायरी येत नाहीत. आता कुणीतरी व्हाइट पेपर काढा म्हणतंय, म्हणजे एखादा प्रश्न आकडे आणि आधारासह मांडणारा छोटा अहवाल. त्याने खरंच धंदा येतो का?

तुमच्या धंद्यात येतो. सगळ्यांच्या येत नाही. जिथे खरेदी मोठी असते, निर्णय तीन-चार जण मिळून घेतात आणि पैसे का खर्च करायचे हे कागदावर पटवून द्यावं लागतं, तिथेच व्हाइट पेपर कामाचा. गळतीचं काम नेमकं तसं आहे. मेंटेनन्स मॅनेजरला गळती माहीत असते, रात्रपाळीत मशीन बंद असताना तो फुसफुस आवाज ऐकतो. पण त्याच्या हातात बजेट नसतं. त्याला प्लँट हेडची सही लागते, परचेसला तीन कोटेशन लागतात आणि अकाउंट्सला पेबॅक (घातलेले पैसे किती दिवसांत वसूल होतील तो हिशेब) लागतो. तुमचं ब्रोशर घेऊन तो वर गेला तर पहिला प्रश्न येणार, 'हे तर विकणाऱ्याने छापलेलं आहे, आपला आकडा किती?'

म्हणून व्हाइट पेपर लिहिताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवा: वरच्या मंजुरीसाठी टिपण लिहायला बसलेला मेंटेनन्स मॅनेजर. त्याचं टिपण अर्धं तयार करून देणं हेच तुमच्या व्हाइट पेपरचं काम. व्हाइट पेपर म्हणजे श्वेतपत्रिका, आणि श्वेतपत्रिका म्हटलं की महाराष्ट्रात २०१२ ची सिंचनावरची सरकारी श्वेतपत्रिका आठवते. कंपनीच्या कागदाकडूनही वाचकाची अपेक्षा तीच असते: प्रश्न काय, आकडे काय, मार्ग कोणते, आणि हे सगळं आधारासह.

विषय अगदी अरुंद घ्या. 'औद्योगिक ऊर्जाबचतीचे उपाय' असं शीर्षक दिलंत तर कुणी उघडणार नाही. 'कॉम्प्रेस्ड एअरची गळती सुट्टीच्या दिवशी स्वतः कशी मोजावी आणि तिचा वर्षाचा खर्च कसा काढावा' हे शीर्षक उघडलं जाईल, कारण वाचकाच्या हाताला काहीतरी लागणार हे त्यातच दिसतं. सहा ते आठ पानं पुरतात. पहिल्या पानावर सगळ्याचा सारांश, कारण प्लँट हेड तेवढंच वाचतो. कंपनीची माहिती शेवटच्या पानावर, अर्धं पान. प्रत्येक पानाला मोठा लोगो आणि फोन नंबर टाकलात की तो कागद टिपणाला जोडायची मॅनेजरला अडचण होते, तो आपल्या कंपनीत तुमची जाहिरात करतोय असं दिसतं.

या कागदाचा जीव एका गणितात आहे, तेव्हा त्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. गळती मोजायची चाचणी जुनीच आहे, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एनर्जी ऑडिटरसाठीच्या पुस्तिकांतही दिलेली आहे. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी मशीन बंद करायची, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. लाइन भरली की कॉम्प्रेसर अनलोड होतो, म्हणजे मोटर फिरते पण हवा भरली जात नाही; गळतीमुळे दाब उतरला की पुन्हा लोड होतो, म्हणजे हवा भरू लागतो. लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा, पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्यायची. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००, ही गळतीची टक्केवारी. लोड ४० सेकंद आणि अनलोड १२० सेकंद आलं तर गळती २५ टक्के.

इथेच वाचक कुठे चुकेल हेही लिहा, कारण तुमचं ज्ञान तिथेच दिसतं. मशीनकडे जाणारे व्हॉल्व्ह बंद करून चाचणी घेतली तर फक्त मुख्य लाइनची गळती कळते. मशीनवरच्या एफआरएल (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर), पुश फिटिंग, सिलिंडर यांची गळती, जी बहुतेक वेळा जास्त असते, ती सुटते. म्हणून मशीन बंद, पण व्हॉल्व्ह उघडे. हीटलेस डेसिकंट ड्रायर (हवेतला ओलावा शोषून घेणारं यंत्र) असेल तर तो स्वतःच सुकवणीसाठी साधारण १५ टक्के हवा सोडतो, ती गळतीत मोजली जाते. तो बायपास करून चाचणी घ्या किंवा ती हवा वजा करा. दोन कॉम्प्रेसर एकाच लाइनवर असतील तर एकच चालू ठेवा. आणि व्हीएफडी कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) एरवी लोड-अनलोड होत नाही, त्याला ही चाचणी अशी लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगा.

आता रुपये. समजा ५५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, ७ बार दाबाला ३५० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), म्हणजे मोटर आणि पंख्यातली घट धरून १०० सीएफएमला साधारण १७ किलोवॅट. २५ टक्के गळती म्हणजे ८७ सीएफएमच्या आसपास, म्हणजे साधारण १५ किलोवॅट. तीन पाळ्या, २५० दिवस, म्हणजे ६,००० तास. ९०,००० युनिट. ९ रुपये युनिट धरलं तर ८ लाख १० हजार रुपये वर्षाला.

बरेच विक्रेते इथेच थांबतात आणि '८ लाखांची बचत' असं ठळक छापतात. तसं करू नका. गळती शून्यावर येत नाही. चांगल्या देखभालीत ती १० टक्क्यांच्या आसपास राखता येते. म्हणजे कमी होणार १५ टक्के, साधारण ९ किलोवॅट. शिवाय लोड-अनलोडवर चालणारा कॉम्प्रेसर अनलोड असतानाही पूर्ण भाराच्या जवळपास ३० टक्के वीज खातो, त्यामुळे हातात पडते ६.३ किलोवॅट. ३७,८०० युनिट, म्हणजे ३ लाख ४० हजार रुपये. ८ लाख १० हजार आणि ३ लाख ४० हजार या दोन्ही ओळी एकाखाली एक छापा आणि मधला फरक कशामुळे पडतो ते समजवा. युटिलिटी सांभाळणाऱ्या माणसाला अनलोडची वीज माहीत असते. तुमच्या कागदात ती हिशेबात घेतलेली दिसली की पुढच्या प्रत्येक आकड्यावर तो विश्वास ठेवतो, आणि नसली तर तिथेच मिटवून ठेवतो. ९ रुपये हा दर उदाहरणापुरता आहे हेही लिहा: वाचकाने आपल्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून स्वतःचा दर काढावा.

एक सावधगिरी. 'इतक्या मिलिमीटरचं भोक, इतकी गळती' असे तक्ते इंटरनेटवर भरपूर आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काही तक्ते गुळगुळीत गोल भोक धरतात, काही धारदार कडेचं, काहींचा दाब वेगळा. तक्ता द्यायचाच असेल तर तो कोणत्या गृहीतकावर आहे ते खाली लिहा. दुसऱ्याचा तक्ता किंवा मानकातलं पान जसंच्या तसं उचलू नका, ते कॉपीराइटमध्ये येतं.

गणितानंतर मार्ग मांडा, आणि फक्त तुमचा नको. दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला असेल तर १ बार कमी केल्याने कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते आणि त्याला खर्च शून्य. हे सगळ्यात आधी सांगा. मग स्वतःच अल्ट्रासोनिक डिटेक्टर (गळतीचा कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारं उपकरण) घेऊन माणूस नेमणं. मग कॉम्प्रेसर कंपनीच्याच एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) गळतीचं काम घालणं. मग तुमच्यासारखी बाहेरची कंपनी. प्रत्येक मार्ग कुठल्या कारखान्याला योग्य आणि कुठे अडचणीचा ते लिहा. छोट्या, एका पाळीच्या कारखान्याला तुमची गरज नसेल तर तसं लिहा. तो तसाही ग्राहक होणार नाही, आणि मोठ्या कारखान्याचा मॅनेजर हे वाचून तुमची पारख करतो. शेवटी एक पान असं द्या: गळतीचं काम देताना कोटेशनमध्ये काय मागावं. टॅग लावलेल्या प्रत्येक गळतीची यादी, दुरुस्तीनंतर पुन्हा तीच चाचणी, सुट्या भागांचे दर वेगळे. ही यादी परचेसच्या हातात गेली की स्पर्धकांची कोटेशनही त्याच कसोटीवर तपासली जातात. माझ्या मते गणितानंतर हेच पान सगळ्यात मोलाचं.

लिहिण्याचं काम कसं करायचं? साइटवर जाणाऱ्या तुमच्या सगळ्यात अनुभवी इंजिनिअरला दीड तास बसवा आणि बोलणं रेकॉर्ड करा. ग्राहक काय विचारतात, कशावर अडतात, कुठली दुरुस्ती महिन्याभरात पुन्हा गळते. त्यावरून एका पानाचा आराखडा करा आणि मालकाची संमती लेखनाआधीच घ्या. तपासायला दोन माणसं पुरेत: एक तांत्रिक, एक भाषेचा. अंतिम होकार एकाचाच. पाच जणांकडे फिरवलेला मसुदा महिनोन्‌महिने अडकतो आणि प्रत्येक जण त्यात आपली एक जाहिरातीची ओळ घालतो. सहा आठवडे हा वाजवी अंदाज धरा. ग्राहकाच्या कारखान्यातले आकडे वापरायचे तर लेखी परवानगी घ्या. नाव गाळलं तरी घ्या, कारण चाकणमध्ये उत्पादन आणि कॉम्प्रेसरचा आकार सांगितला की कारखाना ओळखू येतो.

भाषेबद्दल. मुख्य कागद इंग्रजीत ठेवा, कारण मंजुरीची फाइल अनेकदा दुसऱ्या राज्यातल्या हेड ऑफिसला जाते. पण चाचणीची दोन पानं मराठीत वेगळी काढा, ती सुपरवायझर आणि फिटर वापरतील. मराठी पानं युनिकोड फॉन्टमध्येच करा, 'मुक्ता' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट चालतील. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफमधला मजकूर गूगलला वाचता येत नाही आणि कॉपी केला तर अक्षरांचा काला होतो. फाइल हलकी ठेवा, दोन-तीन एमबीच्या आत, कारण ती व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरणार. फाइलच्या नावात विषय आणि महिना-वर्ष असू द्या, 'फायनल व्ही ३' नको.

फॉर्म भरल्याशिवाय डाउनलोड नाही, असं बहुतेक जण करतात. तुमचं नाव अजून कुणाला माहीत नसताना मी तसं करणार नाही. कागद उघडा ठेवा, वेबसाइटवर साध्या पानाच्या रूपातही टाका. फॉर्म लावा तो गणिताच्या एक्सेल शीटला, जिच्यात वाचक आपले आकडे भरेल. जो ती मागतो त्याच्याकडे खरोखर गळती आहे. फॉर्ममध्ये नाव, कंपनी आणि ईमेल एवढंच विचारा, आणि ती माहिती कशासाठी वापरणार ते तिथेच लिहून होकार घ्या; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे. शीट पाठवल्यावर दहा मिनिटांत सेल्सचा फोन जाऊ देऊ नका. चार-पाच दिवसांनी इंजिनिअरने ईमेल करावा: 'चाचणी घेता आली का? आकडे पाठवलेत तर तपासून देतो.' विक्रीचं संभाषण इथून आपोआप सुरू होतं.

वाटप एकदाच करून थांबू नका. कागदाचे तुकडे करा: अनलोडच्या विजेवर एक लिंक्डइन पोस्ट, ड्रायरच्या चुकीवर दुसरी, चाचणीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. स्टॉलवर ब्रोशरऐवजी चाचणीचं एक पान द्या. प्रत्येक ठिकाणी वेगळा क्यूआर कोड लावा, म्हणजे लोक कुठून आले ते कळेल. डाउनलोडच्या आकड्यावर हुरळू नका, त्यात विद्यार्थी आणि स्पर्धकही असतात. मोजा ते असं: किती जणांनी शीट मागितली, किती जणांनी आपले आकडे परत पाठवले, त्यांतून किती साइट व्हिजिट झाल्या, किती ऑर्डर आल्या. खरेदीचा निर्णय व्हायला इथे सहज सहा-आठ महिने लागतात, त्यामुळे पहिल्या तिमाहीत ऑर्डर नाही म्हणून कागद मोडीत काढू नका. आकडे परत येत असतील तर तो बरोबर चाललाय. शीट मागतात पण कुणीच आकडे पाठवत नसेल, तर बहुधा चाचणीची पानं अवघड झाली आहेत; ती एखाद्या फिटरकडून प्रत्यक्ष करून घ्या आणि तो जिथे अडेल ते वाक्य बदला.