वडिलांच्या नाट्यकारकिर्दीचे पुरावे: मूळ वही जमा करू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. वडील ७६ वर्षांचे, चाळीस वर्षं रंगभूमीवर नट आणि दिग्दर्शक, थोडी चित्रपटांतली कामं. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या मानधनासाठी अर्ज केलाय आणि कार्यालयातून निरोप आलाय की कात्रणांची मूळ वही आणून जमा करा, समितीपुढे ठेवायची आहे. द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

नका देऊ. बाकीचं सवडीनं वाचा, पण उद्या जाणार असाल तर वही घरी ठेवून जा.

अर्ज कसा भरायचा, उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, हे इथं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यात मी पडत नाही. मी वकील नाही, कुठल्या खात्यात नोकरीलाही नाही. एका नटाची मुलगी म्हणून जे भोगलं तेवढंच सांगते. नियम बदलत असतात, म्हणून ताजा शासन निर्णय स्वतः वाचून घ्या.

आमचे अण्णा कोल्हापूरचे. दिवसा बँकेत कॅशियर, संध्याकाळी साडेसहानंतर तालमीच्या हॉलवर. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली. अण्णा तिच्यात पहिल्यांदा उभे राहिले ते १९६३ साली, एका वाक्याच्या भूमिकेत. पुढं दहा वर्षं नट, मग दिग्दर्शन. कोल्हापुरात चित्रपट होत होते तेव्हा रजा टाकून चित्रीकरणाला जायचे. कधी पाटील, कधी फौजदार, कधी शाळामास्तर. एका दिवसाचं काम, पण त्यासाठी आदल्या रात्री मिशी लावून आरशासमोर बसायचे.

या सगळ्याची एक वही होती. बँकेतून रद्द झालेलं जाड लेजर, खाकी पुठ्ठ्याचं. एकेका नाटकाला दोन पानं. आमंत्रणपत्रिका, तिकिटाचा तुकडा, वर्तमानपत्रातलं कात्रण, एखादा फोटो, सगळं आईनं शिजवलेल्या खळीनं चिकटवलेलं. आणि समासात अण्णांच्या बारीक अक्षरात नोंदी: दुसऱ्या अंकात दिवे उशिरा आले, नायिकेला ताप होता म्हणून कुणी उभं राहिलं, इचलकरंजीच्या प्रयोगाला पाऊस आणि प्रेक्षक किती. नटाचं काम पडदा पडला की संपतं, असं ते म्हणायचे, म्हणून रात्री घरी आल्यावर हात धुऊन आधी वही लिहायची आणि मग जेवायचं.

ही वही मी माझ्या हातानं एका कार्यालयात दिली. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. टेबलावरचे गृहस्थ फार चांगलं बोलले. अण्णांचं एक नाटक त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. "ठेवून जा ताई, बैठक झाली की घेऊन जा," म्हणाले. मी पोच मागितली नाही. इतक्या आपुलकीनं बोलणाऱ्या माणसाकडं पोच मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला त्या क्षणी वाटलं. माझी चूक ती एवढीच, आणि तिची भरपाई अजून झालेली नाही.

बैठक पुढं ढकलली गेली. मग पुन्हा. दरम्यान ते गृहस्थ बदलून गेले आणि कार्यालय दुसऱ्या इमारतीत हललं. नवीन टेबलावर उत्तर मिळालं, "अशी वही आमच्याकडे आलेली नाही." मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. तीस दिवस संपत आले तेव्हा एका ओळीचं पत्र आलं: सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही. अपिलाच्या सुनावणीत पहिलाच प्रश्न होता, वही जमा केल्याचा पुरावा काय? माझ्याकडं काय असणार? आवक नोंदवहीत अर्जाचा क्रमांक होता आणि त्यासमोर "सहपत्रे" एवढंच लिहिलं होतं. किती, कोणती, काही नाही.

त्या वेळी मानधनाचे अ, ब, क असे वर्ग होते. राष्ट्रीय पातळीचा कलावंत अ, राज्य पातळीचा ब, जिल्हा पातळीचा क. अण्णांना राज्य स्पर्धेत दिग्दर्शनाची दोन पारितोषिकं होती, पण ती कात्रणं आणि प्रमाणपत्रं वहीतच. त्यामुळं प्रस्ताव मंजूर झाला तो क वर्गात. २०२४ पासून हे वर्ग गेले, आता सरसकट महिन्याला ५,००० रुपये आहेत, त्यामुळं तुमच्यावर ही पाळी येणार नाही. अण्णांनी मात्र पैशाबद्दल कधी विचारलं नाही. मी कार्यालयातून आले की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "वही मिळाली?" शेवटची दोन वर्षं रोज.

आता तुमच्यासाठी. मूळ कागद दाखवायचा असतो, द्यायचा नसतो. स्वयंसाक्षांकित प्रती चालतात. पडताळणीला मूळ मागितलं तर तुम्ही स्वतः घेऊन जा, समोर बसा, पान उलटून दाखवा, परत घेऊन या. फारच आग्रह झाला तर म्हणा, "लेखी मागा." बहुतेक वेळा लेखी कुणी देत नाही आणि विषय तिथंच थांबतो. जे काही जमा कराल त्याची पानं मोजून यादी करा, प्रत्येक पानाला क्रमांक घाला आणि यादीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. "सहपत्रे" या एका शब्दावर कधीही समाधान मानू नका.

तुम्ही लिहिलंय की कात्रणांवर तारखा नाहीत. हे सगळ्यांच्याच घरी असतं. जागा वाचवायला कात्रण कडेनं कापलं जातं, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख केरात जाते. नंतर छाननीत "दिनांक नाही" म्हणून त्रुटी निघते. यावर उपाय आहे, फक्त वेळ लागतो. जुन्या वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली असतात. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मोठं आहे, पण आधी आपल्याच गावातलं जुनं वाचनालय बघा. वडिलांना विचारून साधारण साल आणि महिना काढा. स्पर्धेचं नाटक असेल तर सोपं जातं, केंद्राचे निकाल ठरावीक दिवसांत छापून यायचे. व्यावसायिक नाटक असेल तर बातमी शोधण्यात दिवस घालवू नका, नाटकांच्या जाहिरातींचं पान बघा. शिवाजी मंदिर, साहित्य संघ, बालगंधर्व, कुठल्या नाट्यगृहात कुठल्या वारी किती वाजता कोणता प्रयोग, आणि खाली "दिग्दर्शक" म्हणून नाव. परीक्षणात मत असतं, जाहिरातीत मात्र तारीख, ठिकाण आणि नाव तिन्ही एकत्र मिळतात. मी अण्णांचे २३ प्रयोग अशाच जाहिरातींतून परत मिळवले.

दिग्दर्शकाचं काम कागदावर आणणं नटापेक्षा अवघड आहे, हे कार्यालयांना कळत नाही आणि मला याचा मनस्वी राग आहे. नट फोटोत दिसतो. दिग्दर्शक कुठंच दिसत नाही, तो विंगेत उभा असतो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाच्या, प्रमाणपत्रावर नाटकाचं आणि लेखकाचं नाव असतं, आमच्याकडं शिल्लक राहिलेल्या तिन्ही प्रमाणपत्रांवर दिग्दर्शकाचा उल्लेख नव्हता. मला मानधनाच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी विचारलं होतं, "यात तुमच्या वडिलांनी नेमकं केलं काय?" सहा आठवडे रोज तीन तास पंधरा माणसांना उभं करून एक जग रचणाऱ्या माणसाबद्दल हा प्रश्न. असो.

तर त्यासाठी तालमीची संहिता शोधा. वडिलांनी नाटक बसवताना वापरलेली प्रत, जिच्यात पेन्सिलीनं हालचालींचे बाण, थांबे, प्रकाशाच्या खुणा असतात. ही प्रत म्हणजे दिग्दर्शनाचा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि लोक नेमकी तीच रद्दीत देतात. मंडळाचा शिक्का असलेली संहिता मिळाली तर सोन्याहून पिवळं. अण्णांच्या दोन संहिता मला त्यांच्या जुन्या प्रॉम्प्टरच्या, म्हणजे विंगेतून संवाद सांगणाऱ्याच्या, घरी माळ्यावरच्या पेटीत मिळाल्या. म्हणून म्हणते, फक्त नटांना फोन करू नका. प्रॉम्प्टर, नेपथ्यवाले, रंगभूषाकार, हार्मोनियमवाले, यांना करा. नटांनी आपापले फोटो ठेवलेले असतात, या मंडळींनी सगळं ठेवलेलं असतं.

वडिलांनी आकाशवाणीवर नभोनाट्यं केली असतील तर तो कराराचा कागद शोधा. त्यावर नाव, तारीख, मानधन सगळं छापलेलं असतं, त्यापुढं कुणाला काही बोलता येत नाही. दूरदर्शनचंही तसंच, मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, त्यानंतरची कामं बघा. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांची प्रमाणपत्रंही धरा, "ती हौशी होती" म्हणून वडील स्वतःच बाजूला काढतील, तुम्ही काढू देऊ नका. चित्रपटांचं म्हणाल तर श्रेयनामावलीचा भाग थांबवून फोटो घ्या. छोट्या भूमिकेचं नाव तिथं नसलं तर तो चित्रपट अर्जात घालू नका, असं माझं मत आहे. एक नोंद शंकास्पद ठरली की बाकीच्या दहांकडं त्याच नजरेनं बघतात. याबद्दल इतरांचं मत वेगळं असू शकतं.

नावाचा घोळ आताच मिटवा. रंगमंचावर एक नाव आणि आधारवर दुसरं, हे जवळजवळ प्रत्येक नटाचं असतं. आमच्याकडं चार प्रकारे छापलेलं नाव होतं. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा, त्रुटी निघायची वाट बघू नका.

थोडं विषयांतर. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. कात्रणं लॅमिनेट करू नका, मी पाच केली, पाचही आतून पिवळी पडली. जुन्या व्हीएचएस टेपांवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या यंत्रात घालून बघू नका, माहितगाराकडं द्या, आणि तिथंही पोच घ्या.

मोठ्या लोकांचं बरं असतं, असं माझ्या मनात पूर्वी यायचं. डॉ. श्रीराम लागूंनी वैद्यकी सोडून नट होण्याची सगळी वाट स्वतः लिहून ठेवली, दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी परिनिरीक्षण मंडळाशी झालेल्या लढ्याचे दिवस लिहून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येतं. आता वाटतं, अण्णांनीही लिहिलंच होतं. माझ्या हातून गेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा गावातले जुने नट रस्त्यावर उभे राहून रडले. अण्णा तोवर गेले होते. त्या रंगमंचावर त्यांनी काय काय केलं ते मला त्या रात्री आठवून आठवून एका कागदावर लिहावं लागलं, आणि अर्ध्याहून जास्त आठवलं नाही.

तुमचे वडील आहेत, बोलतायत, एवढं तुमच्याकडं जास्त आहे. वही आज रात्रीच मोबाइलवर पानापानानं काढा, समासातल्या नोंदींसकट, आणि एक प्रत बहिणीच्या नाहीतर भावाच्या घरी पाठवा. मग त्यांच्याशेजारी बसा, एकेक फोटो समोर धरा, यात कोण कोण आहे विचारा आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवा. डावीकडून उजवीकडं, मागच्या ओळीपासून. आमच्याकडं उरलेल्या एका फोटोत नऊ माणसं आहेत आणि मला त्यातली चारच ओळखता येतात.

यादीचा नमुना हवा असेल तर सांगा, मी केलेला आहे, पाठवते. आणि उद्या कार्यालयात काय झालं ते इथं जरूर लिहा.