मोटर बदलू नका, तिला थांबायला शिकवा

तुमची मांडणी अशी: खाडीकाठची ४० एकर कोळंबी शेती, मध्यभागी १० मीटरचा खांब, त्यावर चोरांवर नजर ठेवायला गोल फिरणारा थर्मल कॅमेरा. ६४० बाय ५१२ पिक्सेलचा अनकूल्ड कोअर (म्हणजे थंड न ठेवता चालणारा, कॅमेऱ्याचा गाभा), १२ मायक्रॉनचा पिक्सेल, १९ मिमीची लेन्स, मिनिटाला ६ फेऱ्या. उभं केलं की चित्र झकास, फिरवलं की सगळं ओढल्यासारखं दिसतं. म्हणून विचारताय, मोटर भारी घेऊ की सॉफ्टवेअरने धूसरपणा काढू?

दोन्ही नको. मोटर बिचारी तिचं काम नीट करतेय.

साध्या कॅमेऱ्यात चित्र हललं की आपण शटरचा वेळ कमी करतो. इथे ती सोय नाही, कारण हा डिटेक्टर प्रकाश मोजत नाही, स्वतःच तापतो. प्रत्येक पिक्सेल म्हणजे दोन बारीक पायांवर अधांतरी ठेवलेला इवलासा तवा. ८ ते १४ मायक्रॉनचं इन्फ्रारेड पडलं की तो किंचित तापतो, त्याचा विद्युत रोध बदलतो आणि तो बदल वाचला जातो. तवा तापायला आणि निवायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. डेटाशीटमध्ये हा आकडा ‘थर्मल टाइम कॉन्स्टंट’ म्हणून कुठेतरी शेवटी दिलेला असतो आणि खरेदी करताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. सेकंदाला ३० फ्रेमचा कोअर काढून ६० चा बसवलात तरी तवा तोच.

आता तुमचेच आकडे घ्या. १२ मायक्रॉन भागिले १९ मिमी म्हणजे एक पिक्सेल ०.६३ मिलिरेडियन, ०.०३६ अंश. मिनिटाला ६ फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३६ अंश, त्या वेगाने कॅमेरा दर मिलिसेकंदाला एक पिक्सेल सरकतो. तवा तापेपर्यंत दृश्य १० पिक्सेल पुढे गेलेलं असतं. म्हणूनच तुमच्या चित्रात माणसामागे धूमकेतूसारखी शेपूट दिसते.

शेपटीपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. ४० एकर चौरस धरलं तर बाजू ४०० मीटरची, खांबापासून कोपरा २८० मीटरवर. तिथला माणूस रुंदीला जेमतेम तीन पिक्सेल. तो एका पिक्सेलवरून तीन मिलिसेकंदांत निघून जातो, तेवढ्यात तवा पूर्ण तापमानाच्या पाव हिस्स्यापर्यंतच पोचतो. म्हणजे लांबच्या चोराचा तीन चतुर्थांश सिग्नल वाचण्याआधीच गेला. सॉफ्टवेअर शेपूट मागे ओढू शकतं, पण सोबत चित्रातला गोंगाटही (नॉइज) तेवढाच वाढवतं. जवळची म्हैस सुंदर दिसेल. लांबचा माणूस, ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो काही मिळणार नाही.

फिरता फिरता एका पिक्सेलच्या आत राहायचं तर एका फेरीला १०० सेकंद द्यावे लागतील. तेवढ्यात चालणारा माणूस १४० मीटर जातो.

फ्रान्सच्या एचजीएचचा स्पायनेलसारखा कॅमेरा सेकंद-दोन सेकंदांत पूर्ण वर्तुळ टिपतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यातल्या शीतित, म्हणजे थंड ठेवलेल्या मॉडेलांचा डिटेक्टर तापत नाही, फोटॉन म्हणजे प्रकाशकण मोजतो. ३ ते ५ मायक्रॉनच्या पट्ट्यातले असे डिटेक्टर उणे २०० सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागतात, पण मिलिसेकंदभराच्या एक्स्पोजरमध्ये काम भागतं. थंड ठेवणारा स्टर्लिंग कूलर मात्र सतत चालून झिजतो आणि त्याचं आयुष्य तासांत मोजतात. कोळंबीच्या हिशेबात ते बसत नाही. दुसरी युक्ती म्हणजे आत एक आरसा उलट दिशेने हलवून प्रत्येक फ्रेमपुरतं दृश्य गोठवणं. घरी बनवायला जाऊ नका, मी गेलो होतो.

तुमच्यासाठी मार्ग एकच: फिर, थांब, बघ. लेन्सला एका वेळी आडवे २३ अंश दिसतात, तीन अंश एकमेकांवर चढवा, म्हणजे २० अंशांचे १८ थांबे. सरकायला पाव सेकंद, थरथर शमायला ०.१५, मग चार फ्रेम. सगळं मिळून १० सेकंदांत फेरी होते. म्हणजे आताचाच वेळ, फक्त चित्र स्वच्छ.

यात खरी मेहनत त्या ०.१५ सेकंदात आहे. माझ्या पहिल्या जोडणीत स्टेपर मोटर आणि टायमिंग बेल्ट होता. थांबल्या थांबल्या फ्रेम घेत होतो, त्यामुळे बांधाच्या दोन-दोन रेषा दिसायच्या आणि मागच्या फेरीशी तुलना केली की प्रत्येक बांध ‘हलला’ म्हणून अलार्म वाजायचा. राखणदाराने तिसऱ्या रात्री वायरच काढून ठेवली. वेग हळूहळू चढवा-उतरवा, बेल्टमधली ढिलाई काढा आणि एन्कोडर, म्हणजे फिरण्याचा कोन मोजणारा सेन्सर, मोटरवर नाही, कॅमेऱ्याच्या अक्षावर लावा. १४ बिटचा पुरतो, त्याची एक पायरी ०.०२२ अंश, पिक्सेलपेक्षा लहान. खांबाला तारांचे ताण द्याच. ०.१ अंश डोलला तरी तीन पिक्सेल गेले.

स्लिप रिंगही, म्हणजे गोल फिरतानाही वायर न पिळता वीज पोचवणारा जोड, लागत नाही. वायरला वेटोळं देऊन एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवा. मग टोकाच्या थांब्यांना कधी लगेच तर कधी २० सेकंदांनी पाळी येते, तेव्हा ती दोन्ही टोकं आपल्या खोपटाच्या दिशेला ठेवा.

कोअरमध्ये मधूनच ‘टिक’ असा आवाज होतो, तो आतला शटर, म्हणजे डिटेक्टरपुढे क्षणभर येणारी झाकणी. पिक्सेलमधला फरक सुधारायला तो काही मिनिटांनी पडतो आणि चित्र अर्धा सेकंद गोठतं. ऑटोवर ठेवला तर कधी तरी नेमका खाडीकडच्या थांब्यावर पडेल. मॅन्युअल करा आणि खोपटाकडे तोंड असताना पाडा.

‘गरम ते माणूस’ असा नियम लावू नका. मे महिन्याच्या दुपारी बांधाची माती माणसापेक्षा तापलेली असते, तेव्हा माणूस काळा दिसतो. रात्री पाणी कोमट, बांध गार. संध्याकाळी आणि सकाळी दोन्ही सारखे होतात तेव्हा बांध चित्रातून पुसलाच जातो. प्रत्येक थांब्याची तुलना त्याच थांब्याच्या मागच्या फेऱ्यांशी करा. आणि बगळ्यांसाठी आकाराची अट घाला, नाहीतर पहाटे झोप नाही. कोपऱ्यातलं ‘काहीतरी’ माणूस की कुत्रं, हे तीन पिक्सेलवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी झूमचा साधा कॅमेरा आणि दिवा लागेल.

शेवटी कॅमेरा झाकायचा ॲक्रिलिकचा डोम. मागवला असेल तर परत करा. ॲक्रिलिक आणि काच दोन्ही तुमच्या कॅमेऱ्याच्या ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात अपारदर्शक, काचेत तर तुमचंच प्रतिबिंब दिसेल. उलट कचऱ्याची काळी पातळ पिशवी कॅमेऱ्यापुढे धरा, पलीकडचा हात स्पष्ट दिसतो. कायमसाठी जर्मेनियमची खिडकी घ्या, बाहेरून डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा कठीण लेप असलेली. चीनने ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे, तेव्हा लहानात लहान व्यास धरून डिझाइन करा. खाऱ्या हवेचा थर बसला की आधी गोड्या पाण्याने धुवा, मगच मऊ फडक्याने पुसा. कोरडं पुसलंत तर मीठच त्यावर ओरखडे काढतं.