प्रपोजल वाचलं, आता थोडं ऐक

अगं, तुझं प्रपोजल वाचलं. विषय मस्त आहे, पण टायटलमध्येच तू निकाल लावून मोकळी झालीस! "स्त्रियांचा मेंदू भावनांना जास्त प्रतिसाद देतो" हे आधीच ठरलंय तर लोकांना स्कॅनरमध्ये झोपवायचं कशाला?

पहिलं म्हणजे एफएमआरआयला, म्हणजे तू वापरणार आहेस त्या मेंदूच्या स्कॅनला, भावना दिसत नाहीत, त्याला रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक दिसतो आणि तोही उशिरा, चेतापेशी कामाला लागल्यावर साधारण 5-6 सेकंदांनी सिग्नल वर पोचतो. त्यामुळे स्कॅनमध्ये अमिग्डाला (भावनांशी जोडलेला मेंदूतला छोटा भाग) उजळला म्हणजे भीती वाटली असं सरळ लिहू नकोस, तो हसऱ्या चेहऱ्यालाही उजळतो, नवीन काही दिसलं तरी उजळतो. आणि स्कॅनच्या चित्रातले ते रंग तरी काय, आपणच कट-ऑफ ठरवून भरलेले. 2009 मध्ये काही जणांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे भावनिक प्रसंगांचे फोटो दाखवले, आणि मल्टिपल कम्पॅरिझनचं करेक्शन (एकाच वेळी हजारो टेस्ट केल्या की काही निव्वळ योगायोगाने खऱ्या वाटतात, त्यासाठीची दुरुस्ती) न लावता बघितलं तर माशाच्या मेंदूतही ॲक्टिव्हिटी निघाली!! करेक्शन लावलं की गायब. त्यांना 2012 चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस) मिळालं. हसू येतं खरं, पण तुझ्या ॲनालिसिसच्या भागात करेक्शनबद्दल एक ओळ नाहीये.

आता मला खरं खटकलं ते. तू बायकांच्या मेंदूचा मॅप वेगळा काढणार, पुरुषांचा वेगळा, आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक सांगणार. असं नाही गं चालत. समज बायकांमध्ये पी (खरा परिणाम नसताना योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता, सहसा 0.05 च्या खाली असेल तरच निकाल धरतात) 0.04 आला आणि पुरुषांमध्ये 0.06, तर एका मॅपवर ठिपका दिसेल, दुसऱ्यावर दिसणार नाही, आणि लोक लगेच म्हणतील बघा पुरुषांना काही वाटतच नाही, पण प्रत्यक्षात दोन्ही ग्रुपचा सिग्नल जवळपास सारखाच असू शकतो. फरकाचा दावा करायचा तर फरकाचीच टेस्ट लाव, म्हणजे ग्रुप आणि इमोशनचं इंटरॅक्शन (भावनेचा परिणाम दोन ग्रुपमध्ये वेगळा आहे का ते). छापून आलेल्या पेपरांमध्येही ही चूक सर्रास दिसते, त्यामुळे "त्यांनी पण असंच केलंय" हे मला सांगू नकोस.

काहिलचा 2004 चा पेपर तू कोट केलायस तो परत वाच. पुरुषांमध्ये उजवा आणि स्त्रियांमध्ये डावा अमिग्डाला कामाला लागतो हे त्यात आहे, पण ते भावनिक फोटो नंतर किती आठवले त्याबद्दल आहे, कोणाला जास्त वाटलं हा तिथला प्रश्नच नव्हता. आकाराचंही तेच, पुरुषांचा अमिग्डाला साधारण 10 टक्के मोठा असतो पण डोक्याच्या एकूण आकाराचा हिशोब केला की तो फरक जवळजवळ उरतच नाही, 2017 च्या मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघितलं त्यात) हेच निघालं.

रेटिंगवर तर एकट्यावर अजिबात विसंबू नकोस. "किती वाईट वाटलं" विचारलं की पुरुष कमी आकडा सांगतात, पण ते खरंच कमी वाटतं म्हणून की तसं सांगायची सवय म्हणून, हे रेटिंगवरून कळत नाही, म्हणून सोबत स्किन कंडक्टन्स (घामामुळे त्वचेतून वीज किती सहज वाहते त्याचं माप) घे. बायकांची मासिक पाळीच्या सायकलची फेज आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का तेही लिहून ठेव, हॉर्मोन्समुळे अमिग्डालाचा प्रतिसाद बदलू शकतो.

पायलटमधले (आधीच्या छोट्या चाचणीतले) डोक्याच्या हालचालीचे ग्राफ आधी पाठव, सॅम्पल किती घ्यायचं ते त्यानंतर ठरवू.