फिजिओ की ऑक्युपेशनल?

प्रश्न : शाळेचं शेवटचं वर्ष आहे. अपघातानंतर काकांना पुन्हा चालतं करणारे थेरपिस्ट पाहिले आणि हेच करायचं ठरवलं. पदवी कोणती घेऊ?

उत्तर : काकांना चालवलं ते बहुधा फिजिओथेरपिस्टने. चालता आलं पण शर्टाची बटणं लागेनात, तर ते काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. कृत्रिम पाय बनवून बसवायचा तर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स. अवजारं हाताळायची आवड असेल तर याचा जरूर विचार कर.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र घाम काढतं. मी तर स्नायूंची नावं आंघोळ करताना घोकायचे. खरी परीक्षा पुढे असते. पक्षाघाताचा रुग्ण वैतागून चमचा फेकतो, तो उचलून पुन्हा त्याच्याच हातात द्यायचा. माझ्यावर ही वेळ रुग्णांसोबतच्या पहिल्याच आठवड्यात आली. चमचा दिला आणि बाहेर जाऊन रडले.

नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये पदवी आणि नोंदणीवर फिजिओ होता येतं. अमेरिकेत पदवीनंतर साधारण ३ वर्षांची फिजिओथेरपीची डॉक्टरेट (पीएचडी नव्हे, व्यावसायिक पदवी) लागते. आधीची पदवी व्यायामशास्त्राची असली तरी चालते.

अर्ज भरण्याआधी परवानगी काढून एखाद्या पुनर्वसन विभागात दोन दिवस नुसतं बसून ये.