वाचकांचे प्रश्न : सिम्युलेशनमधली वेगमर्यादा

प्रश्न (खानापूर) : मिरज–लोंढा रेल्वेमार्ग संगणकावर उभा करतोय. खानापूर–गुंजी दरम्यान २०० मीटरच्या कामासाठी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली. गाडी २४ सेकंदांत बाहेर पडते आणि लगेच वेग घेते. वेळापत्रकाशी काही जमत नाही.

उत्तर : तुमच्या प्रोग्रॅमला गाडी म्हणजे नुसते इंजिन वाटते आहे. शेवटचा डबा कामाच्या जागेतून बाहेर पडेपर्यंत वेग वाढवायचा नसतो. २२ एलएचबी (नव्या धाटणीचे) डबे आणि इंजिन धरून लांबी साधारण ५५० मीटर. म्हणजे ३० च्या वेगाने ७५० मीटर जायचे, त्याला ९० सेकंद लागतात. मर्यादा कमी होताना इंजिनाचे टोक बघा, वाढताना शेवटच्या डब्याचे.

मात्र रुळाकाठचे बोर्डही मांडत असाल तर जपून. मर्यादा संपल्याचा टी/पी हा पिवळा गोल बोर्ड काम संपते तिथे नसतो. प्रवासी गाडीच्या लांबीइतका पुढे असतो. मालगाडीसाठी टी/जी वेगळा. इंजिन त्या बोर्डापाशी पोचले की लोको पायलट वेग घेऊ शकतो, कारण मागचे डबे तोवर सुटलेले असतात. बोर्डापासून पुन्हा गाडीची लांबी मोजलीत तर ती दोनदा धरली जाते आणि गाडी ६६ सेकंद फुकट रखडते. मोजणी कामाच्या हद्दीवरून करा, नाहीतर बोर्डावरून. दोन्ही एकदम नको.

प्रश्न (बेळगाव) : कॉशन ऑर्डर (तात्पुरत्या वेगमर्यादेचा आदेश) काढून टाकली की गाडी वळणावरही सेक्शनच्या (मार्गाच्या त्या टप्प्याच्या) कमाल वेगाने सुटते. असे का?

उत्तर : तात्पुरती मर्यादा तुम्ही कायमच्या आकड्यावरच लिहिलीत, त्यामुळे वळणाचा आकडा पुसला गेला. सेक्शन, वळण, कॉशन, सांधे (गाडी रूळ बदलते ती जागा), सिग्नल, इंजिन-डबे या सगळ्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या ठेवा आणि दर क्षणी त्यातली सर्वांत कमी घ्या. एक काढली की उरलेल्यांतली सर्वांत कमी आपोआप लागू होते. वळणाचा आकडा अंदाजाने टाकू नका. त्रिज्या (मीटर) गुणिले कँट (वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जितका उंच तो फरक) आणि कँट-डेफिशियन्सी (त्या उंचीत चालवून घेतलेली तूट) यांची बेरीज (मिलिमीटर), त्याचे वर्गमूळ, गुणिले ०.२७. त्रिज्या ४३७.५, कँट ६०, डेफिशियन्सी ७५ असेल तर उत्तर ताशी ६५.६ किलोमीटर येते. ते खाली उतरवून ६५ धरायचे, वर नाही. लूप लाइनला (स्टेशनातल्या बाजूच्या मार्गाला) जाताना १२ ला १ च्या (१२ मीटरला १ मीटर बाजूला जाणाऱ्या), वक्र स्विचच्या (वाकवलेल्या सरकत्या रुळांच्या) सांध्यावर ताशी ३० चालतात; ८.५ ला १ वर १५.

प्रश्न (निपाणी) : कॅसल रॉकहून कुळेला उतरताना गाडी मर्यादा ओलांडते. सपाटीवर तोच ब्रेक बरोबर चालतो.

उत्तर : त्या घाटाचा उतार ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर खाली. उतारच गाडीला सुमारे ०.२६५ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतका पुढे ढकलतो. ब्रेकची ताकद ०.४ धरली असेल तर हाती उरते ०.१३५. ताशी ३० वरून थांबायला सपाटीवर ८७ मीटर पुरतात, घाटात २५७ लागतात. म्हणून ब्रेक कुठे लावायचा हे मर्यादेच्या सुरुवातीपासून उलटे मोजत काढा. उतार इंजिनाखालचा घेऊ नका. सगळ्या डब्यांखालच्या उताराची वजनाप्रमाणे सरासरी घ्या. ब्रेक पाइपमधल्या हवेचा दाब उतरला की ब्रेक लागतात; तो शेवटच्या डब्यापर्यंत उतरायला काही सेकंद जातात, तेही अंतर वर मिळवा. मालगाडीत हा उशीर जास्त असतो.